पुढची खुर्ची कोणाची?

शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत सोफे मांडलेले असतात. त्यांवर धुतलेले अभ्रे, समोर तिपाई, तिपाईवर पाण्याचे पेले आणि फुलदाणी. हे सोफे शाळा समितीच्या सभासदांचे, देणगीदारांचे आणि त्यांच्या समवेत आलेल्या मंडळींचे. त्यांच्या मागे पालकांच्या खुर्च्या. आणि ज्यांचे म्हणून हे संमेलन, ती मुले कुठे? ती बाजूच्या सतरंजीवर, माना वाकड्या करून, पुढच्याच्या खांद्यावरून डोकावत. इतकी वर्षे मास्तरकी केल्यावर एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्या सोफ्यांवरचे निम्मे गृहस्थ शेवटच्या नाटिकेपर्यंत थांबत नाहीत. भाषणे झाली, हार झाले, चहा झाला, की सोफे मोकळे होऊ लागतात. सतरंजीवरचे एक पोर मात्र हलत नाही!

हा रोग केवळ आपल्याच मातीतला आहे, असे मानणाऱ्यांनी एकदा अमेरिकेतील कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धा पाहून याव्यात. आपल्याकडे या रोगापायी चार सोफे मांडतात. तिकडे या रोगापायी सत्तर हजार माणसांची स्टेडियमे भरवतात, एवढाच फरक. दिवाळीच्या फराळाबरोबर हा कडू विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज मराठी घराघरांतली मुले, भाचरे, पुतणे तिकडच्या विद्यापीठांत शिकत आहेत, आणि मार्च महिना उजाडला की त्यांच्या तोंडी या स्पर्धेवाचून दुसरा विषय नसतो. तेव्हा परका म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही.

आधी स्पर्धेविषयी थोडे सांगतो. कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची, म्हणजे एन.सी.ए.ए.ची, ही स्पर्धा दर वर्षी मार्चमध्ये सुरू होते आणि एप्रिलच्या आरंभी संपते. १९३९ साली पहिल्या स्पर्धेत ८ संघ होते. १९८५ साली ६४ झाले, २०११ साली ६८. जो हरला तो घरी गेला, असा हा रोखठोक मामला. शेवटी उरलेल्या चार संघांच्या मेळ्याला ‘फायनल फोर’ म्हणतात. याच्या आधी कॉलेजांच्या प्रत्येक गटाची आपापली स्पर्धा होते, आणि तीही काही लहान नसते.

आता या खेळाचे मूळ पाहा. १८९१ साली स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. हिवाळा कडाक्याचा, मैदाने बर्फाखाली, आणि वर्गातली मुले कवायतीला कंटाळलेली. त्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून या शिक्षकाने फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि एक नवा खेळ काढला. हा खेळ राजेरजवाड्यांनी काढलेला नाही, शेठसावकारांनीही नाही. एका मास्तराने आपल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेला हा खेळ आहे. मग या खेळाच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पुढची खुर्ची कोणाची असावी? उत्तर इतके सोपे आहे, की ते कोणी विचारीतच नाही.

१९३९ सालचा पहिला अंतिम सामना एव्हॅन्स्टन येथे एका विद्यापीठाच्या व्यायामशाळेत झाला. ऑरेगॉनच्या संघाने ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. प्रेक्षक साडेपाच हजारांच्या आसपास, आणि आयोजकांना अडीच हजार डॉलरांची खोट आली. पण त्या व्यायामशाळेत वाईट जागा अशी नव्हतीच. सर्वांत मागच्या माणसालाही खेळाडूच्या बुटांची करकर ऐकू येत असली पाहिजे.

पुढे पैसा आला आणि पैशाबरोबर अंतर आले. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ह्यूस्टन आणि यू.सी.एल.ए. या दोन विद्यापीठांचा सामना झाला. हा स्पर्धेतला सामना नव्हता, पण पुढच्या सर्व गोष्टींची नांदी तिथे झाली. बेसबॉलच्या त्या अवाढव्य मैदानाच्या मध्यभागी लाकडी पाट अंथरले आणि भोवती ५२ हजारांवर माणसे बसवली. सर्वांत जवळच्या खुर्चीपासून खेळ शंभरएक फूट दूर! गर्दीचा तो आकडा पाहून व्यवस्थापकांचे डोळे दिपले. १९७१ साली फायनल फोरचा मेळाच ॲस्ट्रोडोममध्ये भरला. १९८२ साली न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ६१ हजारांवर लोकांसमोर मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने शेवटच्या क्षणांत चेंडू टाकून नॉर्थ कॅरोलायनाला ६३-६२ असा विजय मिळवून दिला. २०१४ साली टेक्सासमधल्या आर्लिंग्टन येथे उपांत्य सामन्यांना ७९,४४४ प्रेक्षक होते.

हे आकडे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी एक साधा हिशेब करा. बास्केटबॉलचे मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. स्टेडियम दुप्पट करा, चौपट करा, मैदान तेवढेच राहते. त्याच्या काठावर जेवढी माणसे मावायची तेवढीच मावतात. म्हणजे खुर्च्या वाढल्या तरी चांगल्या खुर्च्या वाढत नाहीत; वाढतात त्या वाईट. एका पुरणपोळीला पन्नास पाहुणे बोलावले म्हणून यजमान उदार ठरत नाही. वरच्या मजल्यावर बसलेला माणूस शेकडो मैलांचा प्रवास करून येतो आणि छताला टांगलेल्या पडद्यावर सामना पाहतो. घरी बसून हेच चित्र त्याला फुकट दिसले असते, आणि जवळून दिसले असते.

तेव्हा ‘अधिक लोकांना प्रवेश मिळावा म्हणून मोठे स्टेडियम’ हा युक्तिवाद लंगडा आहे. खरा प्रश्न उरतो तो असा, की काठावरच्या मोजक्या खुर्च्या कोणाला द्यायच्या?

अमेरिकेत याचे उत्तर बहुतेक ठिकाणी असे आहे: ज्याने देणगी दिली त्याला. व्यवस्था मोठी पद्धतशीर असते. विद्यापीठाच्या क्रीडा निधीला जो जितकी देणगी देईल, जितकी वर्षे देईल, तितके त्याला गुण मिळतात. गुणांच्या क्रमाने नावे लागतात आणि त्या क्रमाने खुर्च्यांची निवड होते. मी आजवर हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण पैशाला गुण देणारी ही पहिलीच शाळा पाहिली! बरे, देणगी देऊन तिकीट मिळते असेही नाही. मिळतो तो तिकीट विकत घेण्याचा हक्क. तिकिटाचे पैसे वेगळे. आणि यावर कळस असा, की हक्क विकत घेण्यासाठी दिलेल्या या रकमेचा ८० टक्के भाग तिथल्या प्राप्तिकराच्या कायद्याने धर्मादाय मानून करातून वगळला जात असे. १९८० नंतरच्या दशकात मिळालेली ही सवलत २०१७ सालच्या कायद्याने काढून घेतली. म्हणजे तीसएक वर्षे शेवटच्या रांगेतला कारकून, जो आपला कर पुरता भरत होता, तो पहिल्या रांगेतल्या शेटजींच्या खुर्चीचा काही भार उचलत होता. याला दान म्हणायचे काय? आपल्याकडे उजव्या हाताचे डाव्याला कळू नये ते दान. दिल्यावर बसायला खुर्ची मागायची, हा सौदा झाला.

मी स्वतः एका मार्चमध्ये माझ्या धाकट्या बहिणीकडे तिकडे होतो. भाचा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. त्याच्या कॉलेजाच्या गटाची स्पर्धा होती आणि त्याने खटपट करून आम्हा दोघांची तिकिटे मिळवली होती. आमच्या खुर्च्या छताच्या इतक्या जवळ, की खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे ओळखण्यासाठी भाच्याला फोनचा कॅमेरा दुर्बिणीसारखा धरावा लागे. “मामा, तो बघ पाच नंबर, माझ्याबरोबर अर्थशास्त्राच्या तासाला असतो,” तो सांगत होता. वर्गात ज्याच्याशेजारी बसायचे, त्याचा चेहरा सामन्यात दिसू नये! आणि खाली, मैदानाच्या काठावर, मऊ खुर्च्यांच्या दोन सबंध रांगा मध्यंतरानंतर कितीतरी वेळ रिकाम्या होत्या. ती मंडळी आतल्या दालनात खानपानात दंग होती. भाच्याने एकदा त्या रांगांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि तो काही बोलला नाही. शिक्षकाला असे न बोलणे बरोबर ऐकू येते.

देणगीदारांच्या या राज्यात निदान सचोटी तरी असावी? तेही नाही. कॅन्सास विद्यापीठाचे उदाहरण जगजाहीर आहे. २०१० साली चौकशीत उघड झाले, की तिथल्या क्रीडा विभागातल्याच काही माणसांनी २००५ पासून जवळजवळ वीस हजार तिकिटे गुपचूप बाहेर काढून दलालांना पुरवली होती. त्यांची छापील किंमतच दहा लाख डॉलरांवर भरली. त्यांत फायनल फोरची तिकिटेही होती. पुढे खटले झाले, शिक्षा झाल्या. आणि हे विद्यापीठ कोणते? टोपल्या ठोकणारे नेस्मिथ मास्तर १८९८ साली जिथे गेले, जिथे बास्केटबॉलचे पहिले शिक्षक झाले, आणि ज्या गावात १९३९ साली, म्हणजे पहिल्या स्पर्धेच्याच वर्षी, वारले, तेच हे विद्यापीठ! जिथे खुर्चीला गुणवत्तेची नव्हे तर पैशाची किंमत ठरते, तिथे खुर्ची मागच्या दाराने विकणारा कोणी ना कोणी निघतोच.

“मग दुसरा उपाय काय?” असे विचारणारे लोक मला भेटतात. त्यांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यात जावे. तिथे दहाएक मैलांच्या अंतरावर दोन विद्यापीठे आहेत आणि १९८६ या एकाच वर्षी दोन्हीकडे दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने २१ हजारांवर खुर्च्यांचे नवे सभागृह उघडले. ते देणग्यांतून बांधलेले, म्हणून मैदानालगतच्या बहुतेक जागा देणगीदारांच्या. ते सभागृह पुढे शांततेबद्दल इतके प्रसिद्ध झाले, की पाहुण्या संघाच्या खेळाडूने त्याची थट्टा करावी. एका बास्केटमागे विद्यार्थ्यांना उभे राहायला जागा काढून दिली ती मागाहून.

त्याच १९८६ साली शेजारच्या ड्यूक विद्यापीठाच्या काही मुलांनी सामन्याच्या आधी काही दिवस दारासमोर तंबू ठोकले. ड्यूकचे सभागृह १९४० सालचे, दगडी, जेमतेम ९,३१४ माणसांचे. तिथे मैदानाला लागून असलेल्या बाकांवर विद्यार्थी बसतात आणि देणगीदार वरच्या मजल्यावर! त्या बाकांवर पहिला नंबर लागावा म्हणून मुले हिवाळ्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात. एका तंबूत डझनभर मुले. पाळ्या लावून ठरावीक जण सतत हजर हवेत. व्यवस्था मुलांचीच. देखरेखीवरची मुले मध्यरात्रीही हजेरी पुकारतात, आणि ठरावीक वेळा गैरहजर सापडला तो तंबू रांगेच्या शेवटी. उमेदवार फार झाले तेव्हा संघाच्या माहितीची लेखी परीक्षा घेऊन तंबूंचा क्रम लावण्यात आला. मी परीक्षांचा भोक्ता नाही. पण पैशाऐवजी अभ्यासाला मिळालेली खुर्ची पाहून कोणत्या मास्तराला आनंद होणार नाही? ड्यूकची फी जबर आहे आणि तिथली सगळीच मुले काही गरिबाघरची नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ही गोष्ट अधिक मोलाची. श्रीमंताच्या मुलालाही तिथे वडिलांच्या नावाचा धनादेश दाखवून पुढे घुसता येत नाही. थंडीत कुडकुडावे लागते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिले म्हणणे असे, की देणग्यांतून गरीब खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या चालतात. खुर्च्या काढून घेतल्या तर देणग्या आटतील. ठीक आहे. पण २०१० साली या एका स्पर्धेच्या दूरचित्रवाणी हक्कांसाठी १४ वर्षांचा १,०८० कोटी डॉलरांचा करार झाला. ज्या घरात असा पाट वाहतो तिथे दहा-वीस रांगांच्या खुर्च्यांवाचून चूल अडते, यावर कोण विश्वास ठेवील? शिवाय ज्या खेळाडूंचा हा कळवळा, त्यांना २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर एक डॉलर कमावण्याची मुभा नव्हती, आणि विद्यापीठांनी त्यांना थेट मोबदला देण्याची वाट २०२५ साली कोर्टात तडजोड झाली तेव्हा कुठे मोकळी झाली. खेळाडूचे नाव काढून खुर्ची राखायची, हा जुना डाव आहे.

दुसरे म्हणणे बाजारवाल्यांचे. “ज्याला खरी आवड तो अधिक पैसे मोजील. किंमत वाढू द्या, खुर्ची आपोआप योग्य माणसाकडे जाईल.” किंमत आवड मोजीत नाही हो, खिसा मोजते. शंभर डॉलर देताना एकाला महिनाभर डबा न्यावा लागतो आणि दुसऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. दोघांची आवड एकाच फुटपट्टीने कशी मोजणार?

तिसरे म्हणणे मात्र विचार करण्याजोगे आहे. रांग सर्वांना न्याय देत नाही. नोकरदार माणूस, लेकुरवाळी बाई तंबूत कशी राहणार? खरे आहे. म्हणून विद्यार्थ्यांना रांग आणि सर्वसामान्यांना सोडत, अशी दुहेरी व्यवस्था हवी. फायनल फोरला सोडत आहे, पण तिचाही एके काळी धंदा झाला होता. एकेका माणसाकडून दहा-दहा अर्ज घ्यायचे आणि प्रत्येक अर्जामागे परत न मिळणारे शुल्क ठेवून घ्यायचे. लोक कोर्टात गेले. २०११ साली इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा बेकायदा जुगार नव्हे. कायद्याने सुटका झाली. नीतीचे न्यायालय वेगळे असते.

या निमित्ताने आपल्या घरातही डोकवावे. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्टेडियमची क्षमता सुमारे ३३ हजार. सामान्य लोकांना विकायला काढलेली तिकिटे अवघी ४ हजार. त्यांतली हजार संगणकावरून विकायला ठेवली तर ते संकेतस्थळच कोलमडले. बाकी खुर्च्या क्लबांच्या, संघटनांच्या आणि बड्यांच्या. आणि हे वानखेडे तरी का उभे राहिले? ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक क्लबाचे आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे खुर्च्यांच्या वाटणीवरून भांडण पेटले म्हणून. १९७५ साली हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम तयार झाले. खुर्च्यांसाठी स्टेडियम बांधणारे आपण. सामान्य माणसासाठी एक खिडकी धड बांधली नाही!

ज्यांना यंदा तिकडे जाऊन सामने पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिल्या फेरीला जावे. तिथे एका तिकिटात लागोपाठ दोन सामने पाहायला मिळतात आणि सभागृहही माफक असते. गटाच्या स्पर्धेत हरलेल्या संघाचे लोक उरलेल्या दिवसांची तिकिटे विकून घरी निघतात, तेव्हा धीर धरावा. फायनल फोरलाही तेच: शनिवारी दोन संघ हरले, की सोमवारची तिकिटे बाजारात येतात. मोठ्या स्टेडियममध्ये मैदान चौथऱ्यावर उचललेले असते, म्हणून सपाट जमिनीवरच्या मागच्या रांगांपेक्षा थोडी उंचावरची, लांब बाजूची जागा चांगली. आणि स्त्रियांची स्पर्धा विसरू नये. तिचा शेवटचा मेळा बहुधा साध्या सभागृहात भरतो, जिथून खेळ दिसतो. २०२४ साली तर स्त्रियांचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर पुरुषांच्या सामन्याहून अधिक लोकांनी पाहिला.

पण या युक्त्या शहाण्या प्रेक्षकाच्या झाल्या. युक्तीने एकाची खुर्ची सुधारते, व्यवस्था सुधारत नाही. व्यवस्थेकडे माझ्या मागण्या तीनच. कॉलेजाच्या कोणत्याही सामन्यात मैदानालगतच्या किमान निम्म्या जागा विद्यार्थ्यांना द्याव्यात, आणि त्या केवळ बास्केटमागच्या नव्हेत, लांब बाजूच्याही. फायनल फोरमध्ये काही शे मुलांना बास्केटमागे स्वस्तात बसवतात, पण मोक्याची लांब बाजू बड्यांचीच राहते. दुसरी मागणी, कोणाला किती खुर्च्या दिल्या याचा हिशेब सामन्याआधी जाहीर फळ्यावर लावावा. तिसरी, दहा मिनिटांवर रिकामी राहिलेली पुढची खुर्ची मागच्या माणसाला मोकळी करावी. यात कोणाचेही दिवाळे निघत नाही. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरा, त्यांना हार घाला, सामन्यानंतर संघाबरोबर जेवायला बसवा. पण चेंडू हवेत उडेल तेव्हा पाचव्या नंबरच्या खेळाडूला काठावर आपल्या वर्गातला मित्र दिसला पाहिजे.